चिमटा दाखवायचा की लपवायचा?

दात काढायचा चिमटा पेशंटच्या नजरेस पडू द्यायचा नाही, हे आम्हा दंतवैद्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. ट्रेवर कापड टाकायचं, हात खालून आणायचा. नेवाशात दवाखाना टाकल्यावर मीही बरीच वर्षं तसंच केलं. आता चिमटा आधी पेशंटच्या हातात देतो. (दाखवायचा वेगळा, जुना. तोंडात जायचा तो निर्जंतुक होऊन पाकिटात असतो.)

मत बदललं ते डोळ्यापायी. इकडे वरची दाढ काढायची म्हटली की प्रश्न ठरलेला. "डॉक्टर, वरची हाये, डोळ्याला तर काही होणार न्हाई ना?" मिश्री लावणारी आजी विचारते, तसा साखर कारखान्यातला पदवीधर कारकूनही विचारतो. मी हसण्यावारी न्यायचो. अडाणीपणा, दुसरं काय!

पुढे सुश्रुतसंहिता उघडली. एका भाषणात 'आपल्याकडे सगळं होतंच' हा दावा ऐकला होता आणि तो खोडायचा होता, खोटं कशाला बोलू? चिकित्सास्थानाच्या २२व्या अध्यायात आजीचाच प्रश्न भेटला. वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, असं तिथे बजावलं आहे: रक्त फार जातं, माणूस काणा होतो, तोंड वाकडं होतं. हे लिहिणाऱ्याला हत्यारं माहीत नव्हती म्हणावं, तर याच ग्रंथात हाडात रुतलेलं शल्य ओढून काढायच्या २४ स्वस्तिक यंत्रांचं वर्णन आहे. लांबी १८ अंगुळं, तोंडं सिंह, वाघ, कावळा, कंक पक्षी यांच्यासारखी.

तेव्हापासून हसणं बंद झालं. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू धरला की सूज डोळ्याखाली चढते, पापणी मिटते; क्वचित संसर्ग शिरांवाटे कवटीच्या आतही जातो. माणूस दात काढायला यायचा तो बहुधा इतकं झाल्यावरच. मग डोळा बिघडला की आळ दात काढण्यावर. लोकांनी पाहिलेलं खरं होतं, कारण तेवढं चुकीचं जोडलं गेलं. दाताची संवेदना नेणारी नस आणि नजरेची नस वेगळ्या, हे मी पूर्वीही सांगायचो. पण हसत सांगितलेलं कोण मानतो?

राहिला चिमटा. युरोपात १८व्या शतकापासून किल्लीसारखं एक हत्यार होतं. दाताला आकडा अडकवून ते पिळायचे. दात मोडायचा, कधी जबड्याच्या हाडाचा तुकडाही यायचा. १८४१मध्ये लंडनच्या जॉन टोम्स यांनी दाताच्या मानेवर नेमके बसतील अशा जबड्यांचे चिमटे मांडले. ते घडवले एव्हरार्ड नावाच्या कारागिराने. आमचे आजचे चिमटे त्याच वळणाचे. वरच्या दाढेला गालाकडे दोन मुळं आणि टाळूकडे एक, म्हणून चिमट्याच्या गालाकडच्या जबड्याला मधे टोक असतं. ते त्या दोन मुळांच्या बेचक्यात शिरतं. साहजिकच उजवीकडचा चिमटा डावीकडे चालत नाही.

आणि हा चिमटा ओढत नाही! आधी तो मुळाच्या दिशेने दाबायचा, मग दाढ गालाकडे, टाळूकडे सावकाश झुलवायची. काळ्या रानात रुतलेला खुंटा हलवून हलवून सैल करतात, तसं भोवतालचं हाड पसरू द्यायचं. ओढण्याचं काम शेवटी, नावापुरतं. पेशंटने चिमटा हातात धरला की त्याची पकड कुठे संपते हे त्यालाच दिसतं, आणि डोळा तिथून किती लांब आहे तेही. मग प्रश्न नेमके येतात: इंजेक्शन कितपत दुखेल, रक्त किती वेळ येईल, भाकरी कधी खायची. उत्तर देता येईल असे हे प्रश्न.

माझ्या व्यवसायबंधूंना हे पटत नाही. चिमटा पाहून खुर्चीतून उठून गेलेले पेशंट मीही पाहिलेत. त्यातले काही सूज घेऊन परत आले, काही आलेच नाहीत. पण कापडाखाली काहीतरी झाकलंय हे कळून ताठरलेला पेशंट मला जास्त अवघड वाटतो. लहान मुलांपुढे मात्र चिमटा अजूनही काढत नाही. तिथे माझं जुनं मत शाबूत आहे.