आतेबहिणीच्या घरून गोरेगावला

शोभना समर्थांच्या घरी लेकीचा वाढदिवस होता. पाहुण्यांत नॅशनल स्टुडिओचे चिमणलाल देसाई आणि त्यांचे चिरंजीव वीरेंद्र होते. वाढदिवसाच्या गडबडीत त्यांची नजर घरातल्याच एका शाळकरी वयाच्या पोरीवर गेली आणि पुढच्या चित्रपटाची नायिका तिथेच ठरली. ही पोर म्हणजे शोभनाबाईंच्या मामांची मुलगी, नलिनी जयवंत. किस्सा सांगणारा बदलला की तपशील इकडचे तिकडे होतात. पण 1941 मध्ये ‘राधिका’ झळकला, तो वीरेंद्र देसाईंनी दिग्दर्शित केला आणि नायिका नलिनी होती, एवढं पक्कं. पुढे तिने त्याच वीरेंद्रशी लग्न केलं.

त्या वेळी शोभनाबाई अजून ‘सीता’ झालेल्या नव्हत्या. ‘भरत मिलाप’ 1942 चा आणि ‘रामराज्य’ 1943 चा. घरोघरी कॅलेंडरवर त्यांचा चेहरा गेला तो त्यानंतर. पण सहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. माहेरच्या त्या सरोज शिलोत्री. वडील लवकर गेले, मायलेकी मुंबईत आल्या आणि 1935 मध्ये मास्टर विनायकांच्या ‘विलासी ईश्वर’मधून सरोजची शोभना झाली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातली, इंग्रजी शाळेत गेलेली मुलगी पडद्यावर दिसणं तेव्हा सोपं नव्हतं. नातेवाइकांत काय काय बोललं गेलं असेल, याचा अंदाज कुठल्याही मराठी माणसाला बांधता येईल. ते सगळं थोरल्या आतेबहिणीने आधीच ऐकून घेतलेलं होतं. धाकटीच्या वेळी निदान ‘आपल्यातलं कोणी असलं काही करत नाही’ असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

नलिनी मात्र नुसती बहिणीच्या पदराला धरून आलेली नव्हती. लहानपणी आकाशवाणीच्या मुलांच्या कार्यक्रमांत ती गात असे. मोहन कल्याणपूरकरांकडे ती कथक शिकली. सुरुवातीच्या चित्रपटांतली आपली गाणी तिने स्वतः म्हटली. मेहबूब खान यांच्या ‘बहन’मध्ये ती शेख मुख्तारची लाडकी धाकटी बहीण होती. ‘निर्दोष’मध्ये तिचा नायक होता मुकेश, पुढे गायक म्हणून गाजलेला तोच. हे तिन्ही चित्रपट 1941 चे. वय जेमतेम पंधरा.

वयांचा हिशेब मोठा गमतीचा आहे. शोभनाचा जन्म नोव्हेंबर 1916 चा, नलिनीचा फेब्रुवारी 1926 चा, शोभनाची लेक नूतनचा जून 1936 चा. मायलेकींच्या जवळजवळ मधोमध नलिनी. एकीची धाकटी बहीण, दुसरीची मावशी, आणि दोन्ही बाजूंना साधारण दहा वर्षांचं अंतर. अशी एक मावशी पुष्कळ घरांत असते. मोठ्यांच्या पंगतीत तिला पोर समजतात आणि पोरांच्या कंपूत ती मोठी ठरते. पुढे कुटुंबाचा इतिहास सांगायची वेळ आली की नेमकी तीच गाळली जाते.

या घराचा गोरेगावशी संबंध आला तो फिल्मिस्तानमुळे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1943 मध्ये एक स्टेशन अलीकडे, गोरेगाव पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर आपलं बस्तान बसवलं. शशधर मुखर्जी, त्यांचे मेहुणे अशोककुमार, ज्ञान मुखर्जी आणि राय बहादूर चुनीलाल (संगीतकार मदनमोहनचे वडील) हे त्यातले मुख्य. सआदत हसन मंटो इथे पटकथा लिहीत. ‘आठ दिन’मध्ये त्यांनी एक भूमिकाही केली. ‘शहनाई’, ‘शहीद’, ‘अनारकली’, ‘नागिन’, ‘जागृति’ हे सगळे गोरेगावचे. हल्ली गोरेगाव म्हटलं की लोक पूर्वेच्या फिल्मसिटीकडे बोट दाखवतात. ती 1977 ची. पश्चिमेच्या गोरेगावकरांनी आपला सिनेमा त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी पाहिलेला आहे.

नलिनीला या बॅनरने हात दिला 1950 मध्ये. मधली काही वर्षं पडतीची गेली होती. फिल्मिस्तानचा ‘समाधी’ आला, आझाद हिंद फौजेची पार्श्वभूमी, नायक अशोककुमार, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि त्या वर्षी तो तुफान चालला. फाळणीच्या जखमेवरचा ‘नास्तिक’ आला 1954 मध्ये. त्यानंतरच्या वर्षी ‘मुनीमजी’: नायक देव आनंद, दिग्दर्शक शशधर मुखर्जींचे धाकटे भाऊ सुबोध, संगीत सचिनदेव बर्मन.

दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, फिल्मिस्तानने ‘पेइंग गेस्ट’ काढला. नायक देव आनंद, दिग्दर्शक सुबोध मुखर्जी, संगीत सचिनदेव बर्मन. सगळं तेच. बदलली फक्त नायिका. मावशीच्या जागी भाची, नूतन.

गॉसिपच्या मासिकांना एवढ्यावर वर्षभर पुरेल असा मसाला मिळाला असता. पण मावशी काही मोडीत निघाली नव्हती. 1958 च्या ‘काला पानी’त देव आनंदसमोर मधुबाला नायिका होती आणि नलिनीच्या वाट्याला कोठीवरची किशोरी. फिल्मफेअरचं साहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक नलिनीने नेलं. आता ‘काला पानी’ पाहताना मधुबालावरून नजर हटवून किशोरीकडे बघावं लागतं, यात तिची ताकद कळते. पुढच्याच वर्षी नूतनची ‘सुजाता’ आली आणि तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. घरातल्या फळीवर फिल्मफेअरच्या बाहुल्यांची दाटी होऊ लागली होती.

खरी गंमत पुढे आहे. शोभनाबाईंनी ‘हमारी बेटी’ (1950) काढून नूतनला आणि ‘छबीली’ (1960) काढून नूतनची धाकटी बहीण तनुजाला मोठेपणी पडद्यावर आणलं, हे सर्वांना ठाऊक असतं. मधल्या काळात शशधर मुखर्जी फिल्मिस्तान सोडून अंधेरीला गेले आणि त्यांनी फिल्मालय काढलं. त्यांचे चिरंजीव शोमू यांच्याशी 1973 मध्ये तनुजाचं लग्न झालं. आता नाती मांडून पाहा. ‘मुनीमजी’त जे मावशीचे आणि ‘पेइंग गेस्ट’मध्ये ताईचे दिग्दर्शक, ते सुबोधबाबू तनुजाचे चुलत सासरे. ‘समाधी’तले मावशीचे नायक अशोककुमार मामेसासरे. आणि गोरेगावचा तो स्टुडिओ उभा करणारे शशधरबाबू खुद्द सासरे. काजोल ही शोभना समर्थांची नात असल्याचं प्रत्येक लेखात येतं. तिच्या वडिलांचं घराणं आणि तिच्या आईच्या मावशीची कारकीर्द गोरेगावच्या एकाच आवारात आधीच एकत्र आली होती, हे क्वचितच कोणी लिहितं.

कारण आपण वंशावळ वरून खाली वाचतो. शोभनाबाईंच्या आई रतनबाई, शोभना, नूतन-तनुजा, मग तनुजाची काजोल आणि नूतनचा मोहनीश. चार पिढ्या, सरळ रेघ, मथळ्यात बसणारी. आजूबाजूची नाती या रेघेत मावत नाहीत. त्यातही ही सरळ रेघ काही सदा गुण्यागोविंदाने नांदत नव्हती. पैशांच्या व्यवहारावरून शोभनाबाई आणि नूतन यांचा वाद कोर्टात गेला, कित्येक वर्षं मायलेकींत अबोला होता, आणि दिलजमाई झाली ती ऐंशीच्या दशकात. नूतन 1991 मध्ये कॅन्सरने गेली, आई तिच्यामागे नऊ वर्षं राहिली. आई-मुलीचं नातं म्हणून त्या भांडणावरही रकाने भरले. बहीण आणि मावशी असलेल्या नलिनीच्या वाट्याला एखादं वाक्य आलं: ‘शोभना समर्थांची मामेबहीण’.

साठच्या दशकाच्या मध्यावर नलिनी पडद्यावरून जवळजवळ दिसेनाशी झाली. 1983 च्या, अमिताभ बच्चनच्या ‘नास्तिक’मध्ये ती नायकाची आई होती. जुन्या ‘नास्तिक’ची नायिका नव्या ‘नास्तिक’मध्ये आई, हा योगायोग फार थोड्यांच्या लक्षात आला असेल. दुसरे पती, अभिनेते प्रभुदयाल, 2001 मध्ये गेले. त्याच्या वर्षभर आधी शोभनाबाई गेल्या होत्या. चेंबूरच्या बंगल्यात नलिनी एकटीच राहिली आणि डिसेंबर 2010 मध्ये वारली. वर्तमानपत्रांनी त्या एकटेपणावर भरपूर लिहिलं. तिच्या चित्रपटांवर त्यामानाने थोडं लिहिलं, आणि ते बरं केलं नाही.

फिल्मिस्तानची जागा जुलै 2025 मध्ये एका बांधकाम कंपनीने 183 कोटींना विकत घेतली. तिथे आता उंच इमारती व्हायच्या आहेत, तेव्हा गोरेगावात जाऊन स्टुडिओ बघायचा बेत उपयोगाचा नाही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी ‘मुनीमजी’ आणि ‘पेइंग गेस्ट’ लागोपाठ बघावेत. क्रम मात्र बदलू नये, मावशी आधी.