ओठांवरचा क्रूस

मिस्साबलिदानात शुभवर्तमानाच्या वाचनाआधी आपण उभे राहतो आणि अंगठ्याने तीन लहान क्रूस काढतो: कपाळावर, ओठांवर आणि छातीवर. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात आजीने मला ही खूण शिकवली. ओठांवरचा क्रूस मी हमखास विसरत असे. कपाळावरून अंगठा थेट छातीवर जाई. आजी माझा हात धरून मधल्या जागी आणी आणि म्हणे, "इथं टेकव की रे बाबा, सगळा घोळ इथंच होतो." तिच्या या वाक्याचा अर्थ मला साठी ओलांडल्यावर कळला, आणि तोही दुसऱ्याच्या घराचे नुकसान करून.

नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आलो, त्याला आता चाळीस वर्षे होतील. या शहराच्या बोलण्याची एक ख्याती आहे. इथल्या दारांवरच्या पाट्या परगावचे लोकही हौसेने वाचतात. मोजक्या शब्दांत समोरच्याला नेमके बोचावे आणि तरी आपला आवाज चढू नये, ही इथे कला मानली जाते. आमच्याकडे भांडण असेल तर ते मोकळ्या आवाजात होते आणि संध्याकाळपर्यंत विरून जाते. पुण्यात मी ही दुसरी तऱ्हा शिकलो, आणि खरे सांगायचे तर तिचा मला अभिमान होता. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चहाचा कप हातात घेऊन आमचा चारसहाजणांचा घोळका उभा राही. प्रवचन किती लांबले, गायकवृंदात कोण बेसूर लागले, यावरचे माझे शेरे ऐकायला लोक थांबत. धर्मग्रामाचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आगमनकाळातल्या एका रविवारी असाच घोळका जमला होता. आमच्यातल्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाकडचे एक काका त्या दिवशी योगायोगाने तिथे होते. कोणीतरी मुलीचे कौतुक केले. मी लगेच म्हणालो, "मुलगी सोन्यासारखी आहे यात शंका नाही. वडीलही आता सोन्यासारखे झालेत. पूर्वी मात्र रोज संध्याकाळी पितळ उघडे पडायचे." सारे हसले. काका हसले नाहीत, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

त्या गृहस्थांना एके काळी दारूचे व्यसन होते, हे खरे. दोनदा त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते, हेही खरे. मात्र त्यानंतर अकरा वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केलेला नव्हता.

दोन महिन्यांनी माझ्या पत्नीने बातमी आणली की ते लग्न जमता जमता मोडले. मी म्हणालो, "मी काही खोटे बोललो नव्हतो." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, खोटं नव्हतं ते मलाही ठाऊक आहे. पण तुम्हाला विचारलं कोणी होतं?"

वाचकहो, आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते, एवढेच आपण लहानपणी पाठ करतो आणि खरे बोललो की आपण सुटलो असे समजतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात मात्र दोन निरनिराळे अपराध सांगितले आहेत. खोटा आळ घेऊन दुसऱ्याचे नाव बुडवणे हा एक. योग्य कारण नसताना दुसऱ्याचे खरेच असलेले दोष ते माहीत नसलेल्या माणसाला सांगणे हा दुसरा. संत इग्नाती लोयोला यांनीही आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात विवेकपरीक्षणाचे विचार, शब्द आणि कृती असे भाग केले आहेत. पाप उघड असेल किंवा ज्याला सांगतो त्याच्याकडून त्या पाप्याला मदत होणार असेल, तर बोलायला ते मुभा देतात, एरवी नाही. म्हणजे नियम आंधळा नाही. बोलण्याचे कारण काय आहे, ते तपासायला तो सांगतो.

याच कारणाचा आधार घेऊन मी पापनिवेदनाला गेलो. स्वतःच्या धर्मग्रामात जाण्याचे धैर्य नव्हते, कारण तिथले फादर माझा आवाज ओळखतात. म्हणून क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये गेलो. पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली दिलेल्या जागेवरचे हे चर्च. इतक्या वर्षांत तिथे किती जिभांनी आपला कबुलीजबाब दिला असेल! मी माझी बाजू मांडली. म्हटले, फादर, लग्नाचा मामला आहे, मुलाकडच्यांना खरी परिस्थिती कळायला नको का? फादर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग ती अकरा वर्षं का नाही सांगितलीत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे होते, पण ते लाजिरवाणे होते. आदल्या वर्षी धर्मग्राम परिषदेवर त्या गृहस्थांची निवड झाली होती आणि माझी झाली नव्हती. हे मी फादरांना सांगितले तेव्हा पहिल्यांदाच स्वतःलाही सांगितले. त्यांनी क्षमादान दिले. पण कोणाचे नाव घालवले असेल तर भरपाईचे कर्तव्य क्षमेनंतरही उरते, असे बजावून म्हणाले, "त्यांच्याकडे जा. एकटे जा."

मी लगेच गेलो नाही. माणूस टाळाटाळ करताना धार्मिक पुस्तके वाचतो, तसे मीही केले. त्यात प्रागच्या संत जॉन नेपोमुक यांची हकिगत भेटली. १३९३ साली राजा चौथा वेन्सेस्लास याने त्यांना व्हल्टावा नदीत बुडवून मारले. राणीचे पापनिवेदन उघड करायला नकार दिला म्हणून, असे परंपरा सांगते. इतिहासकार त्यामागे मठाधिपतीच्या नेमणुकीचा वाद पाहतात. अठराव्या शतकात त्यांची कबर उघडली, तेव्हा न कुजलेली जीभ सापडली असे मानले गेले. १७२९ साली त्यांना संतपद मिळाले आणि ज्यांची निंदानालस्ती होते त्यांचे ते आश्रयदाते झाले. पुढे १९७३ साली शास्त्रज्ञांनी तपासले, तर ती जीभ नसून मेंदूचा अवशेष निघाला. यामुळे कोणाची श्रद्धा डळमळली असेल तर असो, मला ते फार पटले. माझ्या बाबतीतही तपास जिभेपाशी सुरू होऊन थोडा वरच जाऊन थांबला होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे एक बोलणेही तेव्हा आठवले. सप्टेंबर २०२० मध्ये, आपण सारे तोंडाला मुखपट्टी लावून घरात बसलो होतो तेव्हा, ते म्हणाले होते की परनिंदा ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. त्या रविवारचा शुभवर्तमानाचा उतारा भाऊ चुकला तर प्रथम त्याला एकांतात गाठावे असे सांगणारा होता. इथे तर चुकलेला भाऊ मीच होतो.

अखेर प्रायश्चित्तकाळातल्या एका संध्याकाळी गेलो. दार मुलीनेच उघडले, "या, अंकल," म्हणाली आणि आत निघून गेली. मी वडिलांना जे बोललो होतो ते शब्दशः सांगितले, सोने आणि पितळेसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते तर मी दर आठवड्याला स्वतःच सांगतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत उभं राहतो, स्वतःचं नाव सांगतो आणि म्हणतो, मी दारुडा आहे. पण ते मी सांगायचं असतं हो. तुम्ही नाही."

मुलाकडच्या त्या काकांनाही मी भेटलो आणि राहिलेली अकरा वर्षे सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मुलाचे दुसरीकडे ठरले होते.

पुढच्या रविवारी मिस्साला ते कुटुंब माझ्या दोन बाके पुढे होते. शुभवर्तमानाच्या वेळी अंगठा ओठांवर टेकवला आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिला. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली तेव्हा ते गृहस्थ मागे वळले आणि त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. मुलगी वेदीकडेच पाहत राहिली.