नकाशावरचे स्थानक

शाळामास्तरांना एक वाईट खोड असते. गोष्ट जेथे रंगते तेथेच ते ती संपवतात. ही खोड मला पुष्कळ वर्षे होती आणि ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर तिला बळी पडले होते. १० ऑगस्ट २०२५ रोजी ते निवर्तल्याचे वृत्त वाचले, तेव्हा हळहळीबरोबर मला थोडी शरमही वाटली, ती यामुळेच.

उजनीच्या जलाशयाकाठी, करमाळा तालुक्यातल्या एका गावी मी तेव्हा शिकवीत असे. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी मुलांना परुळकरांची हकीकत सांगायची, हा माझा परिपाठ. १९६५ च्या युद्धात जखमी झाले असताही त्यांनी विमान माघारी आणले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या बंदिवासात पडले. युद्ध थांबले, तरी सुटकेचे नाव निघेना. तेव्हा ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा सोबत्यांसह हे गृहस्थ चक्क भिंत पोखरू लागले! १३ ऑगस्ट १९७२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तिघे त्या भोकातून बाहेर पडले. येथे माझा आवाज चढे. "असे असतात आपले वीर!" असे मी म्हणे, आणि घंटा होई.

एके वर्षी घंटा झालीच नाही. (शिपाई रजेवर होता, त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.) मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मग गुरुजी, ते घरी कधी पोचले?"

आता उरलेले सांगणे प्राप्त होते. तिघे बसने पेशावरला गेले, तेथून जमरूद आणि पुढे खैबर खिंडीतले लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द चारपाच मैलांवर राहिली होती. नकाशावर त्यांना पुढे लंडी खाना नावाचे रेल्वे स्थानक दिसत होते. तेथे जायचे कसे, असे त्यांनी विचारले. परंतु त्या स्थानकात १९३२ पासून गाडीच जात नव्हती! त्या मुलखाशी परिचित असलेला मनुष्य असा प्रश्न विचारील कशाला? लोकांना संशय आला आणि तिघे धरले गेले. हेर म्हणून तेथेच त्यांचा शेवट व्हायचा. पण त्यांच्या बंदिशाळेचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांना दूरध्वनी करा, असा परुळकरांनी हट्ट धरला. त्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने ओळख दिली, म्हणून प्राण वाचले. मायदेशी ते आले १ डिसेंबर १९७२ रोजी, इतर युद्धकैद्यांबरोबर, वाघा सरहद्दीवरून.

वर्ग गप्प झाला. मुले हिरमुसली असावीत, असे मला वाटले. तोच तो मुलगा म्हणाला, "आमची आजी पण अजून पोमलवाडीचंच तिकीट मागते!"

सारा वर्ग खो खो हसला. वाचकांस हे सांगायला हवे की पोमलवाडीचे स्थानक उजनीच्या पाण्याखाली गेले. लोहमार्ग दुसरीकडून नेण्यात आला, आणि आता गाडी थांबते ती पारेवाडीला. म्हातारीच्या मनातला नकाशा मात्र कोणी बदलून दिला नाही. ज्यांच्या घरची गावे भीमेच्या पोटात गेली, त्या मुलांना लंडी खाना समजावून सांगावे लागले नाही. माझ्या चढलेल्या आवाजाने जे इतक्या वर्षांत साधले नव्हते, ते एका चुकलेल्या स्थानकाने साधले. परुळकर त्यांना आपले वाटू लागले.

मग माझ्या मनात आले, ही चूक आपल्याला कळली तरी कशी? त्या वैमानिकांनी ती सांगितली म्हणूनच ना? फेथ जॉन्स्टन या लेखिकेने २०१३ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ते हुकलेले चार मैल आहेत. त्यांनी जे झाकले नाही ते मी झाकीत होतो. वीर ही पदवी त्यांनी माझ्याजवळ मागितली नव्हती. ती मीच त्यांना चिकटवली, आणि ती नीट बसावी म्हणून त्यांची चूक कापली, बंदिवासातले उरलेले साडेतीन महिने कापले, आणि शत्रूच्या गणवेषातल्या एका सज्जनाचे नावही कापून टाकले. हे शेवटचे अधिक लागते.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टात ते वृत्त आले तेव्हा जलाशय भरलेला होता. पोमलवाडी कोठे होती ते दाखवायला पाण्याबाहेर खूण म्हणून काही नव्हती. मी आता निवृत्त आहे. तरी संध्याकाळी शेजारची चारदोन पोरे ओट्यावर जमवली, आणि गोष्टीला सुरुवात केली ती लंडी खान्यापासून.