पाझर

माणसाच्या डोळ्यांत पाणी आले तर आपण कारण विचारतो. फटफटीच्या पुढच्या फोर्कमधून तेल पाझरले की मात्र सरळ नवे सील मागतो. आमच्या मिस्त्रीबुवांचे तसे नाही. ते आधी वर-खाली सरकणाऱ्या चकचकीत नळीवरून नख फिरवतात. नख अडले, की तेथे गंजाचा खड्डा. “याच्यावर घासूनच सीलचा ओठ फाटतो, साहेब. हा तसाच ठेवला तर नवं सीलही जाणार!” नख अडले नाही, तर ओठाखाली धूळ अडकली आहे का ते पाहायचे, कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी फिरवून ती निघते.

थेंबभर तेलासाठी एवढी चिकित्सा? पण तो थेंब ओघळत ब्रेकच्या चकतीवर जातो, आणि माझा मुलगा याच गाडीने कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो.

आमचा खड्डा उथळ निघाला. मिस्त्रीबुवांनी बारीक पॉलिशपेपरने नळी गुळगुळीत केली, दोन्ही बाजूंची सीले बदलली, दोन्हीकडे तेल सारखे मोजून भरले. पहिल्या दिवशी फोर्क कोरडा होता, त्याचे मला फारसे कौतुक नाही. पावसाळा उलटला तरी तो कोरडाच आहे, त्याचे आहे.