दहा अक्षरांत आठ गण

अकरावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि द्विपद प्रमेय हे धडे पाठोपाठ येतात, तरी मुलं ते सुटे सुटे शिकतात. एका धड्याचं एक सूत्र, दुसऱ्याचं दुसरं. माझ्या मते या वयात बीजगणित आणि मोजणी एकत्रच शिकवावी, कारण ‘हे असंच का?’ हा प्रश्न फारशा पूर्वतयारीशिवाय तिथंच विचारता येतो.

मराठीच्या तासाला पाठ केलेलं ‘यमाताराजभानसलगं’ घ्या. त्यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरं उचलली की एक गण, म्हणजे लघू-गुरूंचा तीन अक्षरी क्रम, मिळतो: यमाता हा य, मातारा हा म, आणि असं करत सलगं हा स. आठही गण येतात, एकही दोनदा येत नाही. दहापेक्षा कमी अक्षरांत हे जमलं असतं का? ओळीत जितकी अक्षरं, त्याहून दोन कमी तिकड्या. आठ तिकड्या हव्यात तर दहा अक्षरं लागणारच. सिद्धता संपली. आता लघूला ल आणि गुरूला ग म्हणून (ल + ग) चा घन करा, पण गुणताना अक्षरांचा क्रम मोडू नका: आठ पदं म्हणजेच आठ गण. क्रम विसरलात तर सगळे लघू एक (न), एक गुरू असलेले तीन (भ, ज, स), दोन गुरू असलेले तीन (य, र, त) आणि सगळे गुरू एक (म). १, ३, ३, १ हे सहगुणक कुठून आले, ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढचा प्रश्न अवघड आहे. चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार एका ओळीत बसवायला किमान एकोणीस अक्षरं लागतील. पण तेवढ्यात भागेलच कशावरून? ‘याहून कमी चालणार नाही’ आणि ‘एवढ्यात भागतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि हा भेद कळणं मला सूत्रापेक्षा मोलाचं वाटतं. आठ गणांचे आठ बिंदू मांडा. चार अक्षरांचा प्रत्येक प्रकार म्हणजे त्याच्या पहिल्या तिकडीकडून शेवटच्या तिकडीकडे जाणारा बाण. प्रत्येक बिंदूत दोन बाण येतात, दोन निघतात, आणि कुठूनही कुठंही पोचता येतं. म्हणून प्रत्येक बाणावरून एकदाच जाणारी फेरी निघते. ऑयलरने क्योनिग्सबर्गच्या पुलांबद्दल १७३६च्या सुमारास केलेल्या विचारात याचं मूळ आहे.

प्रवेश परीक्षेत याला वेळ कुठला, असं विचारलं जाईल. या फेरीवर तिथं गुण मिळणार नाहीत, हे खरं. पण मोजणीच्या प्रश्नात मुलं सहसा सूत्र विसरून चुकत नाहीत. क्रम धरायचा की सोडायचा, इथं चुकतात. भौतिकशास्त्राला कॅल्क्युलस आधी लागतं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॅल्क्युलसचे तास कापा असं मी म्हणत नाही. मात्र ‘प्रत्येकासाठी असा एक तरी असतो’ अशा विधानांवरच लिमिटची काटेकोर व्याख्या उभी असते, आणि त्यांची सवय सांत संचांवर सोपेपणानं होते.

खरी अडचण तिसरी आहे. मोजणीत ठरावीक रीत नसते, प्रत्येक गणित नवं वाटतं, त्यामुळे सामान्य मूल बिचकतं. त्यावर उपाय जुनाच: सूत्राआधी प्रस्तार, म्हणजे शिस्तीत केलेली यादी. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त, अंकपाशाच्या प्रकरणात, दोन मूर्ती शेजारी आहेत. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल २४ प्रकारांनी होते. शंभूच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंची ३६,२८,८०० प्रकारांनी. पहिली यादी वहीच्या एका पानावर मावते, दुसरी लिहिणं अशक्य. पहिली लिहून काढतानाच, पहिल्या हातात शंख धरला की उरलेल्या तिघांचे सहा प्रकार, असे चार गट दिसतात, आणि गुणाकार कुठून आला ते कळतं. मात्र उत्तरपत्रिकेत अशा यादीलाही गुण द्यावे लागतील, नाहीतर मुलं ती खोडून सूत्रच लिहितील.