खदानीचे पाणी

नागपूरजवळच्या आमच्या वस्तीमागे गिट्टीची खदान होती. काम बंद पडले, मालकाने पंप उचलून नेले आणि दोन पावसाळ्यांत ती भरली. १९९४ च्या मे महिन्यात आमच्या वर्गातला एक मुलगा तिथे पोहायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून खदानीचे पाणी दिसले की आम्ही सोबतच्या मुलांचे हात घट्ट धरतो.

गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करणाऱ्या भाच्याकडे आम्ही पत्नीसह गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामाजी, रविवारी खदान पाहायला चला. मी तिथे पाणबुडीपणा शिकतो." मामीच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

लेस्टरहून मोटारीने अर्ध्या तासावर स्टोनी कोव्ह आहे. इथे पूर्वी ग्रॅनाइट काढत. जमिनीतले झरे सतत वाहत, पाणी उपसत उपसतच मजुरांना दगड फोडावा लागे. १९५८ मध्ये काम थांबले, उपसा थांबला आणि खड्डा भरला. म्हणजे कहाणी आमच्या खदानीसारखीच. फरक पडला तो पुढे.

दगड काढताना सोडलेले टप्पे पाण्याखाली तसेच आहेत. पहिला सुमारे ६ मीटरवर, दुसरा २० मीटरवर आणि तळ ३५ मीटरच्या आसपास. नवशिके पहिल्या टप्प्यावर शिकतात. शिकून तयार झालेल्यांसाठी सन २००० मध्ये 'स्टेनगार्थ' नावाची जुनी टग बोट मुद्दाम बुडवून ठेवली आहे. समुद्र दूर असलेल्या या भागात माणसे अशा खदानीतच स्कूबा शिकतात.

मग दिसली खदान की मारली उडी, असे आहे का? मुळीच नाही. भाच्याने सांगितले, आधी क्लबमध्ये चौकशी करायची. मालकाची परवानगी आहे का? खोली मोजलेली आहे का? पाण्यातून बाहेर पडायला वाट आहे का? अपघात झाला तर ऑक्सिजन आणि मदत जवळ आहे का? एकाचेही उत्तर नाही आले, तर ती खदान सोडायची.

नुसत्या रंगावर तर जाऊच नये. बक्स्टन गावाजवळच्या एका चुन्याच्या खदानीचे पाणी सुंदर निळे दिसे, पण चुन्यामुळे ते इतके दाहक होते की कातडीला इजा व्हावी. लोक ऐकेनात, म्हणून २०१३ मध्ये तिथल्या परिषदेने ते पाणी चक्क काळे रंगवले!

आम्ही काठावर उभे होतो. भाच्याच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा होती. त्यातली ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचे, हा नियम. आम्ही कारकून माणूस, शिल्लक राखण्याचा हा हिशेब आम्हाला लगेच पटला. कोणी एकटे उतरत नाही, जोडीदार सोबत हवाच. तरी पत्नीची नजर पाण्यावरच्या बुडबुड्यांवरून हलेना. पस्तीस मिनिटांनी दोन डोकी वर आली. पत्नी म्हणाली, "आला बाई!" आणि डोळे पुसू लागली. आम्हाला मात्र आमचा वर्गमित्र आठवला.

वाचकहो, पाणी तिथेही खोल आणि थंडच आहे. पण तिथे त्या पाण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे. दगड फोडून नेणाऱ्यांनी मागे ठेवलेला खड्डा कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही. आणि मजुरांची मुले त्याच खड्ड्याशेजारी वाढतात.

परत आल्यावर वस्तीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज दिला. मागण्या तीनच: कुंपण, खोली सांगणारा फलक आणि काठावर दोराला बांधलेली ट्यूब. पोच मिळाली आहे, कुंपण अजून नाही. दोर आणि ट्यूब मात्र वस्तीने वर्गणी काढून आणली. ती खदानीच्या काठच्या कडुलिंबाला टांगली आहे. तुमच्या वस्तीजवळ अशी खदान असेल, तर उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी एवढे तरी करा.