पंचवीस मीटरवरची पाटी

4 नोव्हेंबर 2024, सोमवार

दिवाळीचा पसारा आवरताना गाडीच्या कागदांची पिशवी हाती आली. माझ्या लायसनची मुदत 1 डिसेंबरला संपते आहे. दुसऱ्या दिवशी मला सत्तर पूर्ण होतील.

पहिलं लायसन 1984 चं, लुनासाठी काढलेलं. रायपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि लुना चालवणारी बाई दिसली की शारदा चौकातले लोक वळून बघत. मारुती पुढे आली, चारचाकीचा शिक्का त्यावर नंतर चढला. पन्नाशी उलटल्यापासून दर पाच वर्षांनी हे काम निघतं. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर वयाचे टप्पे बदलले, तरी पंचावन्नच्या पुढच्यांना मुदत पाचच वर्षांची. किती वयापर्यंत गाडी चालवावी याची वरची मर्यादा आपल्या कायद्यात नाही, आणि ती नाही हेच मला योग्य वाटतं.

रात्री पुण्याहून चिरंजीवांचा फोन. "आई, आता कशाला पुन्हा? कॅब बोलवायची." वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना फिजिओथेरपीला मीच नेते. शास्त्री बाजारातून भाजी, मंडळातला कार्यक्रम, बँक, सगळं त्याच गाडीवर. कॅबवाला गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि तिथपर्यंत वन्संनी चालत जायचं. हे त्याला सांगितलं. तो गप्प झाला, पण पटलं नाही हे आवाजावरून कळलं. त्याची काळजी खोटी नाही.

6 नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म वाचून काढले. एक आपण स्वतः भरायचा: फिट येते का, चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का. दुसरा, 1-ए, डॉक्टरांनी भरायचा. चाळिशीनंतर तो लागतोच. त्यातला कळीचा प्रश्न असा की चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का.

पंचवीस मीटर म्हणजे किती, याचा अंदाज कुणाला असतो? शेजारच्या देशपांड्यांच्या नातवाला सुताराचा टेप घेऊन बोलावलं. आमच्या फाटकापासून मोजत गेला तर पार चौथ्या घराच्या कडुनिंबापर्यंत पोचला. तिथे एक पांढरी गाडी उभी होती. सकाळी दहाचं ऊन, पाठीमागून. 'सीजी 04' लगेच वाचलं. पुढची इंग्रजी अक्षरंही वाचली. शेवटच्या चार आकड्यांपैकी तिसऱ्यापाशी अडले. तीन की आठ? डावा डोळा झाकून पाहिलं तर तीन, उजवा झाकला तर नुसता काळा ठिपका. मुलगा म्हणाला, "आजी, तीनच आहे, तुम्ही बरोबर सांगितलं." बरोबर सांगितलं, पण एकाच डोळ्याच्या जोरावर. डावा डोळा तपासायला हवा.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी एका दवाखान्यात गेले. नाव मी लिहीत नाही. तिथे फॉर्म आधीच भरून ठेवलेला, फक्त नाव आणि वय घालायचं. कंपाउंडरने पैसे मागितले. डॉक्टर आतल्या खोलीत होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही. फॉर्म परत घेऊन बाहेर पडले. दोन मिनिटांत मिळणाऱ्या त्या सहीत काहीच तपासलेलं नसतं, आणि तिचा भार रस्त्यावरच्या सगळ्यांवर पडतो. त्यात सायकलवरून शाळेत जाणारी पोरंही आली. मला राग आला तो याचा.

दुपारी नेत्रतज्ज्ञांकडे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, मग अर्धा तास डोळे मिटून बसणं, मग त्या यंत्रावर हनुवटी टेकवून दिव्याकडे बघणं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला आहे. ऑपरेशनची घाई नाही. चष्म्याचा नंबर बदलला की दिवसा अडचण येणार नाही. "रात्री मात्र नका चालवू, ताई. समोरून येणाऱ्या दिव्याभोवती तुम्हाला वलय दिसत असणार." दिसतं. गेल्या पावसाळ्यात तेलीबांध्याच्या रस्त्यावर दिसलं होतं आणि मी ते ओल्या काचेवर ढकललं होतं.

नजरेबद्दल कायद्याचे फॉर्म चांगल्या उजेडातलं वाचन, रंग आणि रातांधळेपणा एवढंच विचारतात. समोरच्या एलईडी दिव्याने डोळे दिपल्यावर पुन्हा दिसायला किती वेळ लागतो, मान मागे किती वळते, रक्तदाबाच्या गोळीने झापड येते का, हे कुठेच नाही. सत्तरीतल्या माणसाला विचारायचे खरे प्रश्न तर हेच.

11 नोव्हेंबर, सोमवार

नवा चष्मा आला. डावा डोळा झाकून आणि उजवा झाकून, दोन्ही वेळा कडुनिंबाखालची पाटी वाचता आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून, नेत्रतज्ज्ञांचा कागद वाचून 1-ए भरून दिला.

नंतर परिवहन सुविधा केंद्रात. कॉम्प्युटरवरचा मुलगा फार चांगला. "दाई, ओटीपी आ गे का?" असं विचारत त्याने सगळं भरलं. आधार जुळलं तर घरबसल्या होतं, पण लायसनवर माझ्या नावात यजमानांचं नाव आहे, आधारवर फक्त नाव-आडनाव. आपल्याकडच्या किती बायकांचं हेच होत असेल! म्हणून कागद घेऊन ऑफिसात जावं लागणार. नूतनीकरणाचे 200 रुपये, कार्डाचे वेगळे.

15 नोव्हेंबर, शुक्रवार

कार्तिकी पौर्णिमा. वन्संना पहाटे महादेवघाटावर खारूनचं स्नान हवं होतं, पुन्नी मेळा म्हणजे त्यांचा वर्षाचा नेम. अंधारात निघायचं म्हटल्यावर मी ऑटो ठरवली. "तू असताना ऑटो कशाला?" वन्संनी विचारलं. डॉक्टरांचं सांगितलं. हाटकेश्वराचं दर्शन होईपर्यंत त्या त्यावर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

18 नोव्हेंबर, सोमवार

रावांभाठ्याला आरटीओ ऑफिसात जाऊन आले. भनपुरीपासून ट्रकांची रांग, धूळ, पण गाडी मीच नेली. कागद पाहिले, फोटो काढला, सही घेतली. माझ्या पुढच्या गृहस्थांचं लायसन संपून वर्षाच्या वर झालं होतं. त्यांना पुन्हा चालवून दाखवायची परीक्षा सांगितली. ते पंचाहत्तरीचे असतील, फार हिरमुसले. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीही अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

20 नोव्हेंबर, बुधवार

चिरंजीवांशी बोलणं झालं. त्याने जपानचं काढलं. तिथे 2019 मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोला 87 वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिथे लायसन नवं करताना स्मरण आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. 2022 पासून, ज्यांच्या हातून काही ठरावीक नियम मोडले गेले असतील त्यांना गाडी चालवूनही दाखवावी लागते. ज्यांना सोडायचं आहे त्यांना आपण होऊन लायसन परत करता येतं. ब्रिटनमध्ये सत्तरीला मुदत संपते, मग दर तीन वर्षांनी, पण तिथे तब्येतीचं आपणच लिहून द्यायचं.

मला जपानची रीत पटते. वय बघून कुणाचं लायसन काढून घेऊ नये. तपासणी मात्र खरी हवी, आणि दिवसा चालवा, रात्री नको, असं लिहून देण्याची सोय आपल्या लायसनवर हवी. मी हे त्याला सांगितलं आणि अंधार पडल्यावर गाडी काढणार नाही असा शब्द दिला. त्याने कॅबचा विषय काढला नाही.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

टपालाने कार्ड आलं. मुदत 2029 पर्यंत. तोवर मी पंच्याहत्तर होईन.

मंडळातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं ते इथेही उतरवते: आज घरातल्या सगळ्यांची लायसनं काढून मुदतीची तारीख बघा. ती वर्षाच्या आत असेल तर अर्ज आत्ताच करा. संपून वर्ष उलटलं तर परीक्षा द्यावी लागते. आणि 1-ए वर सही घेण्याआधी दोन्ही डोळे, एकेक झाकून, तपासून घ्या.